दोन वॅट, माडावरची वायर आणि सह्याद्रीपलीकडचं पुणं

निसर्ग वादळ आलं तो दिवस ३ जून २०२०. दापोली तालुक्यात आमच्या वाडीतले माड मधनंच मोडले, लाईट गेली ती तीन आठवडे, आणि मोबाईलचा टॉवर गेला म्हणून पुण्याच्या ताईला आम्ही जिवंत आहोत हे चार दिवस कळलं नाही. पाचव्या दिवशी मी दापोलीच्या रस्त्यावर झाडं तुडवत गेलो आणि एका चढावर रेंज मिळाली तेव्हा तिला फोन लागला, ती नुसती रडत होती. तेव्हाच ठरवलं की हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी लोक घरनं एकमेकांशी बोलतात त्या वायरलेसचं, लायसन्स काढायचं. परीक्षा दिली, कॉलसाइन म्हणजे रेडिओवरची माझी ओळख मिळाली, सगळ्याला वेळ लागला पण झालं.

सेट मात्र विकत आणायचा नव्हता. कारण साधं आहे, वादळात बिघडला तर इथे दुरुस्त कोण करणार? जो मी स्वतः जोडलाय तो मी स्वतः उघडू शकतो. आपल्याकडे हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटेक्स नावाचा सेट डिझाइन करून जगभरच्या लोकांना घरी रेडिओ बांधायला लावला, ते वाचूनच मला धीर आला. तरी मी त्याहून सोपं किट घेतलं, ४० मीटर बँडचं, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासचं, बोलणं नाही, फक्त टिंब-रेघांचा मोर्स, १२ व्होल्टवर साधारण दोन वॅट. मोर्समध्ये पाच वॅटच्या आत काम करण्याला क्यूआरपी म्हणतात.

पडवीत टेबल मांडून चार संध्याकाळी सोल्डरिंग केलं. रेझिस्टर, कपॅसिटर पटापट बसतात, खरं काम आहे फिल्टरच्या कॉइल्सचं. करंगळीच्या नखाएवढी लाल-पिवळी रिंग, तिच्यातनं केसासारखी तांब्याची वायर एकेक वेढा घालून काढायची, आणि आतून वायर एकदा गेली की तो एक वेढा, हे मोजताना हमखास चुकतं. सगळं झालं, बॅटरी लावली, रिसीव्हरमध्ये छान खरखर, पण मोर्स पाठवायची की दाबली तर डमी लोडवर, म्हणजे चाचणीसाठी अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर, शून्य. दोन दिवस ट्रान्झिस्टरवर संशय घेतला, एक बदललासुद्धा. शेवटी भिंगातून बघितलं तर एका कॉइलच्या टोकाला सोल्डरचा गोळा सुंदर चमकतोय पण वायरवरचं एनामल खरवडलेलंच नाही, म्हणजे तांब्याला सोल्डर लागलाच नव्हता. ब्लेडनं हळूहळू तासून तांबं गुलाबी दिसेपर्यंत साफ केलं, परत डाग दिला आणि की दाबली, मीटरवर साडेतेरा व्होल्ट! मोजणाऱ्या डायोडमध्ये जाणारा अर्धा धरून चौदा, चौदाचा वर्ग भागिले शंभर (लोडच्या पन्नास ओहमची दुप्पट), म्हणजे दोन वॅटला जेमतेम कमी. मी आईला हाक मारून तो काटा दाखवला.

अँटेना म्हणजे साधा डायपोल, मध्ये केबल जोडून दोन बाजूंना ताणलेली वायर, प्रत्येक बाजू दहा मीटर आणि वर एक वीत. मधला भाग माडावर चढवायला नारळ काढणारा पाडेली आला, वरनं ओरडला, "काका, ही वायर कसली, शॉक नाय ना लागायचा?" म्हटलं, तू खाली उतरल्याशिवाय मी कीला हात लावत नाही. एक टोक आंब्याच्या कलमाला बांधलं, दुसरं पुलीवरनं खाली आणून त्याला जांभ्याच्या चिऱ्याचा तुकडा लटकवला, कारण वाऱ्यात माड डुलतो आणि ताठ बांधलेली वायर पहिल्याच झोडीत तुटते. खारी हवा हा दुसरा शत्रू, केबलच्या सांध्यावर टेप नीट नसेल तर दोन महिन्यात आतलं तांबं कळंकून हिरवं पडतं, माझं एकदा पडलंय.

लोक विचारतात मध्ये सह्याद्री आहे मग पुणं कसं लागणार. हातातल्या वॉकीटॉकीचं तसंच होतं, डोंगराला आपटून संपतं. पण ७ मेगाहर्ट्झचा सिग्नल बुटक्या अँटेनावरनं जवळजवळ सरळ वर जातो आणि आयनोस्फिअर या वातावरणाच्या खूप वरच्या भागावरनं परत खाली येतो, डोंगराचा प्रश्नच येत नाही. फक्त वेळ साधावी लागते. भल्या सकाळी वरचा थर अजून पातळ असतो, जवळचे स्टेशन ऐकू येत नाहीत, दहा वाजल्यानंतर पुणं-कोल्हापूर उघडतं आणि रात्री जवळचं बंद होऊन लांबलांबचे लोक येतात.

रविवारी सकाळी साडेदहाला मी सीक्यू, म्हणजे 'कोणी आहे का' अशी हाक, दिला, डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा, तीनदा. काहीच नाही. पुन्हा दिला. मग खरखरीच्या खालून कोणीतरी अगदी सावकाश माझी कॉलसाइन परत पाठवतोय हे ऐकलं आणि पेन्सिल हातातनं पडली. पुण्याजवळचे एक जुने ओएम, म्हणजे हॅमवाले काका होते, रिपोर्ट दिला ५५९, म्हणजे नीट कळतंय पण जोर मध्यम, विचारलं सेट कुठला. मी पाठवलं, घरी बांधलाय, दोन वॅट. ते थोडे थांबले आणि मग माझ्यासाठी अजून हळू पाठवलं, उद्या याच वेळी ये, मी ऐकत असेन. मग ७३, म्हणजे शुभेच्छा.

लगेच ताईला फोन केला. ती म्हणाली, "त्या काकांचं घर कुठे आहे ते विचारून ठेव, मी एकदा जाऊन भेटून येते."

आता रोज साडेदहाला बसतो. यूपीएसची सात अँपिअर-अवरवाली बॅटरी आहे, नुसतं ऐकलं तर चार-पाच दिवस सहज जाते, आणि पावसाआधी माडावरची दोरी बदलून घ्यायची आहे, पाडेलीला सांगून ठेवलंय.