आईचा चेहरा कुठे होता?

रडवणारे सिनेमे मला आवडतात, हे आधीच सांगते. चांगला हुंदका फुटला की पैसे वसूल, असा माझा हिशोब. त्यामुळे कालच्या सिनेमाबद्दल 'फार मेलोड्रामा होता' एवढीच तक्रार असती, तर लिहायला बसलेच नसते.

गोष्ट अशी: वडील वारलेत, तिन्ही मुलं घरी जमलीत, माळ्यावर कुलूप लावलेली पेटी सापडते. पेटी सुरुवातीलाच सापडते आणि उघडते थेट शेवटी. मधे काय? मोठा मुलगा विचारतो, "आई, तू काही लपवतेयस का?" तेवढ्यात फोन वाजतो. धाकटी विचारते, तेवढ्यात दारावर कुणीतरी येतं. मधला विचारतो तर आई चक्कर येऊन पडते. आणि प्रत्येक वेळी व्हायोलिन! मध्यंतरात माझी बहीण म्हणाली, "मोठा ह्या वडिलांचा नाहीच, लिहून घे." निघालाही तसाच.

गुपित आधी कळलं याचं मला काही वाटलं नाही. ब्रिटिश दिग्दर्शक माइक लीच्या 1996 सालच्या 'सीक्रेट्स अँड लाइज'मध्ये कोण कुणाची मुलगी ते आपल्याला बरंच आधी माहीत असतं, घरच्यांना कळतं पार शेवटी. चहाच्या दुकानात त्या मायलेकी शेजारी शेजारी बसतात आणि कॅमेरा कितीतरी मिनिटं जागचा हलत नाही. आई ठामपणे म्हणते, तू माझी मुलगी असणं शक्यच नाही. मग तिला काहीतरी आठवतं. आपल्याला त्यात नवीन काहीच कळत नाही, तरी तिच्या तोंडावरून नजर हटत नाही.

डॅनिश दिग्दर्शक व्हिंटरबर्गच्या 'फेस्टेन'मध्ये (1998) तर मुलगा बापाच्या साठीच्या मेजवानीत उभा राहून बापाचं गुपित बोलून टाकतो, तेही बऱ्यापैकी लवकर. आणि पाहुणे जेवत राहतात! खरा सिनेमा तिथून सुरू होतो. हा सिनेमा डोग्मा नावाच्या डॅनिश सिनेमा-चळवळीतला, आणि तिचा नियमच असा की प्रसंगात प्रत्यक्ष वाजत नसेल ते संगीत वापरायचं नाही. व्हायोलिनवाल्यांना हा नियम कुणीतरी कळवा.

इथे मात्र पेटी उघडली, चिठ्ठी वाचली, तिघं गळ्यात पडली, ड्रोन वर गेला, संपलं.

चीड येते ती हाताशी असलेलं वाया घालवल्याची. एका फ्लॅशबॅकमध्ये दोन्ही मुलगे काच फोडतात. बाप मधल्याच्या कानाखाली वाजवतो आणि मोठ्याला विचारतो, "तुला लागलं नाही ना?" पाहुण्याच्या मुलाला विचारावं तसं. अख्ख्या सिनेमात मला खरा वाटलेला प्रसंग हाच, आणि तो मिनिटभरही टिकत नाही.

बरं, ती चिठ्ठी कुणाची? वडिलांची. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि त्यांना ठाऊक होतं, हे आईला त्या क्षणी पहिल्यांदा कळतंय. मुलगा चाळिशीचा आहे. एवढी वर्षं ती ज्याच्यापासून लपवत होती, तो सगळं जाणून तिच्याबरोबर राहत होता. तिला लाज वाटली असेल? राग आला असेल, की एकदा तरी बोलला का नाहीस? की सुटल्यासारखं वाटलं असेल? सांगता येत नाही, कारण तेव्हा कॅमेरा मोठ्या मुलाच्या अश्रूंवर रोखलेला, तोही स्लो मोशनमध्ये. आईची नुसती पाठ दिसते.

एवढी गुणी नटी, आणि तिला वाट्याला काय, तर पेटीकडे बघणं. शेवटी पेटीत आणखी एक बंद लिफाफा दाखवून दुसऱ्या भागाची सोय करून ठेवली आहे. बहीण जाणार म्हणते. मी नाही.