कणकुंबी, चोर्ला आणि शंभर दिवसांचा पगार

नोव्हेंबर संपत आला की आमच्या बेळगाव-खानापूर भागातली बरीच ख्रिस्ती माणसं पायी ओल्ड गोव्याला निघतात, गोंयच्या सायबाच्या म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला (सणाला). नोवेना, म्हणजे फेस्ताआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरला चालू होते आणि फेस्त ३ डिसेंबरला. आमच्या शेजारच्या काकू पंढरीला जाणाऱ्या, त्या पण विचारतात, "काय, तुमची वारी कधी निघायलीय?" आणि वारीच की ती, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, मग खाली केरी, साखळी, डिचोली, सगळी वाट पायी, तोंडात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना.

मी निघालो तेव्हा थोरल्या भावाशी माझं बोलणं बंद होतं. वडील गेल्यावर काजूच्या बागेच्या उताऱ्यावर त्याचं एकट्याचंच नाव लागलं, कसं लागलं ते त्याला माहीत आणि मला पण माहीत, आणि आई असेपर्यंत तिला कळू नये म्हणून मी गप्प बसलो. ती गेल्यावर मी कोर्टात दावा लावला, तर जो भेटेल तो मला एकच सांगायचा, "जाऊ दे की रे, भाऊच आहे, तू ख्रिस्ती माणूस, माफ करून टाक." त्या 'जाऊ दे'चाच मला जास्त त्रास व्हायचा, कारण त्याचा अर्थ असा निघतो की तुझं काही गेलंच नाही, उगाच धरून बसलायस.

कणकुंबीला मुक्काम होता. मलप्रभा इथंच उगम पावते, आणि थंडी म्हणजे दोन चादरी घेतल्या तरी पाठीतून जात नाही. रात्रीच्या प्रार्थनेला फादरनी बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय वाचला. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा काय? आणि येशू म्हणतो सात नाही, साताच्या सत्तर वेळा. मग ती चाकराची गोष्ट, राजा ज्याचं दहा हजार तालान्तांचं देणं सोडतो तोच बाहेर जाऊन शंभर दीनारांसाठी दुसऱ्या चाकराचा गळा धरतो. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलीय आणि शंभर दीनार म्हणजे चिल्लर असंच धरून चाललो होतो. फादरनी हिशोबच मांडला. एक दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा पगार. "म्हणजे आपल्याकडं रोजगाराला जाणाऱ्या एखाद्या बाईचे शंभर दिवसांचे पैसे कुणी बुडवले तर ती काय म्हणेल? थोडेच गेले म्हणेल काय?" एक तालान्त साधारण सहा हजार दीनारांचा, म्हणजे राजानं सोडलेलं देणं सहा कोटी दिवसांच्या पगाराचं, ते माणसाकडून सात जन्मात फिटणार नाही. पण म्हणून शंभर दीनारांचं देणं खोटं ठरत नाही. येशूनं कुठंही म्हटलं नाही की त्या दुसऱ्या चाकराकडं काही येणं नव्हतं.

मला त्या रात्री झोप लागली नाही, पण वाईट वाटून नाही. तुझं खरंच गेलंय असं इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं होतं, आणि म्हटल्याबरोबर ते सोडता येईल असं पण वाटायला लागलं. जे गेलंच नाही ते सोडणार कसं?

घाट उतरताना एक सिस्टर बरोबर होत्या, त्यांनी राणी मारियांचं सांगितलं. मध्य प्रदेशात गरिबांसाठी काम करणाऱ्या सिस्टर राणी मारियांना १९९५ साली बसमधून ओढून मारलं, आणि नंतर त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, त्या पण सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारणाऱ्याला राखी बांधली. २०१७ साली इंदूरला राणी मारियांना चर्चनं धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते, राखी बांधली तेव्हा तो माणूस शिक्षा भोगत होता. क्षमा झाली म्हणून गुन्हा पुसला गेला नाही. सायबाचं पण तसंच की, १५५२ साली मलाक्काच्या कप्तानानं चीनला जाणारी त्यांची मोहीम अडवली तेव्हा सायब गप्प राहिले नाहीत, चर्चकडून त्याच्यावर बहिष्काराची कारवाई करवली, आणि पुढं निघाले. त्याच वर्षी ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्यासमोरच्या बेटावर वारले, वय ४६.

पण डोक्यात कळलं म्हणून मन ऐकतं असं नाही. सकाळी मी मनात म्हटलं देवा, मी सोडलं, आणि दोन वळणं उतरेपर्यंत तोच उतारा, तीच सही परत डोळ्यापुढं. सिस्टरना सांगितलं तर म्हणाल्या, "मग परत सोडा दादा." मला वाटतं साताच्या सत्तर वेळा तेवढे वेगवेगळे अपराध होतात म्हणून नाही, एकच अपराध तेवढ्यांदा सोडावा लागतो म्हणून आहे. बायबलातल्या इब्री लोकांच्या पत्रात लिहिलंय की दूध बाळासाठी आणि जड अन्न प्रौढांसाठी, ज्यांना सरावानं बरंवाईट ओळखता येतं. सरावानं हा शब्द मी केरीपर्यंत घोळवत आलो. राग आलाच नाही म्हणजे माणूस आध्यात्मिक झाला असं नाही, आलेला राग रोज कुठं न्यायचा ते कळायला लागलं की माणूस वाढतोय असं मी तरी धरतो.

नार्व्याहून फेरीबोटीनं दिवाडी, तिथून दुसऱ्या फेरीनं ओल्ड गोवा, व्हाइसरॉयच्या कमानीतून वर चढलो आणि पाय दुखत असून पण आधी कन्फेशनला, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली द्यायला गेलो. तिथल्या फादरना सरळ विचारलं, दावा मागं घेऊ काय? म्हणाले, "हक्क मागणं पाप नाही, पण भावाचं वाईट व्हावं म्हणून मागू नको." दावा चालूच आहे. परत आल्यावर मीच भावाला फोन केला, आईच्या वर्षाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला ये म्हटलं. थोडा वेळ तो काही बोलला नाही, मग येतो म्हणाला. वहिनी आणि पोरांना घेऊन आला, जेवला, कोर्टाचं त्यानं काढलं नाही, मी पण काढलं नाही.