परेरा म्हणजे नक्की कुठले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाशी, लोकलमध्ये ओळख झाल्यावर, लेकीसाठी स्थळ पाहायला गेल्यावर, हा प्रश्न कधी ना कधी येतोच. "परेरा म्हणजे गोव्याचे ना?" नाही म्हटलं की लगेच दुसरा येतो. "मग मूळचे पोर्तुगीज का? मराठी मात्र छान बोलता हो!" विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं हे मला ठाऊक आहे, म्हणून एकदा नीट बसून उत्तर देतो.

मी वसईचा. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, सगळे इथेच केळीच्या वाड्या आणि पानमळे शिंपत जगले. घरात आम्ही सामवेदी बोली बोलतो, शाळा मराठीत झाली, मिस्साही, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीतच ऐकतो. आडनाव मात्र उत्तर पोर्तुगालमधल्या एका जागेचं आहे.

मराठी माणसाला आडनावावरून बरंच काही कळतं, निदान कळतं असं वाटतं. गाव कुठलं, जात कुठली, कुळदैवत कुठलं, सोयरीक जमेल की नाही. आमच्याकडे हा हिशेब चालत नाही. आमच्याच पंचक्रोशीत सामवेदी परेरा आहेत, वाडवळ परेरा आहेत, बंदरावर कोळी परेरा आहेत. त्यांचं आमचं नातं धर्माचं आणि शेजाराचं, भाऊबंदकीचं नाही. परेरा-परेरांचं लग्न ठरलं तर कुणाची भुवई वर जात नाही. नवा कुरिअरवाला आळीच्या तोंडाशी येऊन "परेरा कुठे राहतात?" असं विचारतो, तेव्हा ओट्यावरची म्हातारी त्यालाच उलट विचारते, "कुठले परेरा?"

आता नाव आलं कुठून ते. पोर्तुगीजमध्ये परेरा म्हणजे नासपतीचं झाड. उत्तर पोर्तुगालच्या मिन्हो भागात या झाडावरून नाव पडलेल्या वाड्या-वस्त्या आहेत. त्या जागांची मालकी ज्यांच्याकडे होती त्यांनी मध्ययुगात नावापुढे 'द परेरा' लावायला सुरुवात केली. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' जोडतात, तसाच हा प्रकार. या घराण्यातला सगळ्यात मोठा माणूस नूनो आल्वारेस परेरा. १४ ऑगस्ट १३८५ रोजी अल्जुबारोताच्या लढाईत त्याने कॅस्टिलच्या, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या राज्याच्या, कितीतरी मोठ्या फौजेला हरवलं आणि पोर्तुगालचं स्वातंत्र्य टिकवलं. पुढे सगळी दौलत सोडून तो लिस्बनमध्ये स्वतः बांधलेल्या कार्मेल मठात साधा ब्रदर म्हणून राहिला. २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्याला संतपद दिलं. त्याच्या मुलीच्या वंशातून ब्रागांझाचं राजघराणं निघालं. म्हणजे पोर्तुगीज भारतात पोहोचायच्या आधीच हे नाव मानाचं झालेलं होतं, आणि मानाचं नाव लोक आपणहूनही लावतात.

इथे एक समज दूर करायला हवा, कारण हल्ली तो फार ऐकू येतो. झाडांवरून आलेली पोर्तुगीज आडनावं मूळची ज्यूंची, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. १४९७ मध्ये राजा मानुएलने पोर्तुगालमधल्या ज्यूंना बळाने ख्रिस्ती केलं हे खरं आहे. त्या 'नव्या ख्रिस्तीं'नी आजूबाजूला रुळलेली नावं घेतली, त्यात परेराही होतं. त्यांचे वंशज पुढे ॲमस्टरडॅम, लंडन, बोर्दो इथे उघडपणे ज्यू म्हणून राहू लागले. फ्रान्समध्ये मूकबधिर मुलांना बोलायला शिकवणारा जाकोब रॉड्रिग्ज परेरा त्यांतलाच, आणि १८५२ मध्ये क्रेडी मोबिलिये ही बँक काढणारे एमिल आणि इझाक हे भाऊ त्याचे नातू. पण नूनोचं घराणं त्याच्या कितीतरी आधीपासून हे नाव लावत होतं. नुसत्या आडनावावरून कुणाचा धर्म किंवा वंश ठरवता येत नाही. लिस्बनमध्ये येत नाही आणि वसईतही येत नाही.

वसईत हे नाव आलं ते सत्तेबरोबर. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधली दोनशे पाच वर्षं पोर्तुगीजांची. किल्ल्यात पोर्तुगीज सरदारांचे वाडे होते आणि बाहेरची गावं त्यांना फोऱ्यावर, म्हणजे ठरीव साऱ्यावर, दिलेली असत. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरूंनी गावांत स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, दिले. स्नानसंस्काराला धर्मपिता, म्हणजे गॉडफादर, लागतो. नव्याने ख्रिस्ती होणाऱ्याला त्या धर्मपित्याचं, किंवा संस्कार देणाऱ्या धर्मगुरूचं, आडनाव मिळे. पाड्यावरच्या वीस घरांना एकाच दिवशी स्नानसंस्कार झाला आणि धर्मपिता एकच असला, तर वीसही घरं एका आडनावाची होत. गोव्यात तर सख्खे भाऊ वेगवेगळ्या वेळी ख्रिस्ती झाले म्हणून एक डिसोझा आणि एक फर्नांडिस, अशी घराणी आहेत.

आमच्या धर्मग्रामातली, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतली, स्नानसंस्काराची जुनी नोंदवही मी पाहिली आहे. एकोणिसाव्या शतकातली. कापडी पुठ्ठा, कडा वाळवीने कुरतडलेल्या, शाई तपकिरी पडलेली. पोर्तुगीज राज्य जाऊन शंभरावर वर्षं झाली होती, तरी फादरांनी नोंदी पोर्तुगीजमध्येच केलेल्या, तिरक्या, एकमेकांत गुंतलेल्या अक्षरांत. आधी तारीख, मग बाळाचं नाव, आईबाप, त्यांचं गाव आणि शेवटी धर्मपिता व धर्ममाता. आमच्या घरातल्या एका नोंदीत बाळ परेरा, बाप परेरा आणि धर्मपिताही परेरा. धर्मपिता पलीकडच्या पाड्यावरचा, आमच्या नात्यातला नव्हे. एका ओळीत तीन परेरा, त्यांतला एक रक्ताने परका. मला कुणी 'पोर्तुगीज रक्ता'बद्दल विचारलं की ती ओळ डोळ्यांसमोर येते. पोर्तुगीजांनी इथे लग्नं केली, मुलंबाळं झाली, हे मी नाकारत नाही. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, त्यांचे वडील पोर्तुगीज आणि आई इथली असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण गावोगावच्या हजारो कुटुंबांना आडनाव मिळालं ते नोंदवहीतून.

दक्षिणेत तुतिकोरीनच्या किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या परवरांनीही १५३० च्या दशकात ख्रिस्ती धर्म घेतला. मोत्यांच्या समुद्रावरचा हक्क टिकवायला त्यांना पोर्तुगीज आरमाराचा आधार हवा होता. अख्खी जमात एकदम ख्रिस्ती झाली. तिथेही परेरा आहेत, तमिळ बोलणारे. ढाक्याजवळच्या बंगाली कॅथलिकांत आहेत, केरळच्या किनाऱ्यावर आहेत, मलाक्क्यात आणि मकावमध्ये आहेत.

पण तुम्हाला हे नाव बहुधा क्रिकेटमुळे माहीत असेल. २०११ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना, वानखेडे. शेवटच्या षटकांत येऊन ९ चेंडूंत नाबाद २२ धावा काढणारा थिसारा परेरा. त्या दिवसानंतर कितीतरी जणांनी मला विचारलं, "तो श्रीलंकेचा परेरा ख्रिस्ती आहे का हो?" श्रीलंकेत परेरा हे सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे आणि ते लावणाऱ्यांत बौद्ध भरपूर आहेत. हे कसं झालं, ते मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत विलक्षण वाटतं.

पोर्तुगीज तिथे १५०५ मध्ये पोहोचले. कोट्टेचा राजा धर्मपाल १५५७ मध्ये ख्रिस्ती झाला आणि डोम जुआंव म्हणवू लागला. राजाच झाला म्हटल्यावर सरदार, मानकरी आणि किनाऱ्यावरची प्रजा त्याच्यामागून गेली, आणि परेरा, सिल्वा, फर्नांडो ही नावं पसरली. मग १६५८ पर्यंत डचांनी पोर्तुगीजांना हुसकावलं. डच प्रोटेस्टंट होते. त्यांनी कॅथलिकांना छळलं, पण नोंदी ठेवण्यात ते पोर्तुगीजांच्याही पुढे. 'थोंबो' नावाच्या त्यांच्या वह्यांत जमिनी आणि माणसं घरवार लिहिलेली असत. सरकारी हुद्दा हवा, वारसाहक्क हवा, तर चर्चच्या पुस्तकात नाव लागे. लोक पुस्तकापुरते ख्रिस्ती राहिले आणि घरी बुद्धाला फुलं वाहत राहिले. इंग्रज आल्यावर ही सक्ती हळूहळू गेली, तशी माणसं उघडपणे विहारात गेली. नाव मात्र सातबाऱ्यासारखं चिकटून राहिलं.

आणि तरीही त्यांनी आपलं जुनं काही सोडलं नाही. थिसाराचं पूर्ण नाव नारंगोडा लियनआराच्चिलागे थिसारा चिरंथा परेरा. कुसल परेरा म्हणजे मथुरागे डॉन कुसल जनिथ परेरा. श्रीलंकेचे डाव्या विचारांचे मोठे नेते आणि एकेकाळचे अर्थमंत्री एन. एम. परेरा यांचं नाव नानायक्कारपतिरगे मार्टिन परेरा. हे जे सुरुवातीचं लांबलचक 'गे'ने संपणारं आहे, ते घराण्याचं नाव. कुणाच्या पूर्वजाचा हुद्दा, कुणाचं मूळ ठिकाण त्यात धरलेलं असतं. धावफलकावर श्रीलंकेच्या खेळाडूंची चार-चार आद्याक्षरं दिसतात ना, त्यांत हे घराणं दडलेलं असतं. खरी ओळख पुढे, नोंदवहीतलं नाव मागे, आणि दोन्ही कागदावर. हे पाहिलं की मला हेवा वाटतो, मनापासून.

सगळ्यात जास्त परेरा मात्र ब्राझीलमध्ये आहेत. पोर्तुगालची लोकसंख्या जेमतेम एक कोटी, ब्राझीलची वीस कोटींच्या वर, आणि परेरा तिथल्या पहिल्या पाच आडनावांत मोडतं. ते सगळे पोर्तुगालहून आलेल्यांचेच वंशज आहेत असं नाही. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांना मालकाचं नाव लागे. १८८८ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि माणसं मोकळी झाली, तीही बहुतेक तीच नावं घेऊन. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या केप व्हर्डे बेटांना १९७५ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, तेव्हाचे पहिले राष्ट्राध्यक्ष आरिस्तिदेस परेरा. ज्यांच्याविरुद्ध लढून देश मोकळा केला त्यांच्याच भाषेतलं आडनाव त्यांनी शेवटपर्यंत लावलं. यात मला काही विसंगती दिसत नाही. चार पिढ्या वापरलेली वस्तू वापरणाऱ्याची होते.

अमेरिकेत उलट घडलं. अझोर्स बेटांवरचे खलाशी देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवरून मॅसॅच्युसेट्सला उतरले, न्यू बेडफर्ड आणि फॉल रिव्हरला स्थायिक झाले, आणि त्यांच्यातल्या पुष्कळ परेरांचे पेरी झाले. रॉड्रिग्जचे रॉजर्स झाले. पेरी हे जुनं इंग्रजी आडनाव तिथे आधीपासून होतंच, त्यात ते मिसळून गेले. काहींनी नाव तसंच ठेवलं. सॅन फ्रान्सिस्कोमधली ती उंच, सुळक्यासारखी ट्रान्सअमेरिका पिरॅमिड १९७२ साली पुरी झाली, तिचा वास्तुकार विल्यम परेरा.

हे सगळं ऐकून घेतल्यावर काही जण हळूच विचारतात, "मग तुमचं मूळचं आडनाव काय? ते परत लावावंसं नाही वाटत?" नाही वाटत. परेरा हे माझ्या आजोबांच्या थडग्यावर आहे, बाबांच्या सातबाऱ्यावर आहे, माझ्या शाळेच्या दाखल्यावर आहे. ते इथलंच झालंय. मला काळजी वाटते ती दुसऱ्या नावाची.

वसईत प्रत्येक परेरा, लोपीस, डाबरे घराला आळीत एक वेगळं नाव असतं. कुणाला खापरपणजोबाच्या नावाने ओळखतात, कुणाला जुन्या धंद्याने, कुणाला विहिरीवरून. आम्ही बावखलावरचे, कारण घरामागे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं, होतं. आता ते बुजवून त्यावर इमारत उभी आहे. श्रीलंकेतल्या 'गे'चं जे काम, तेच या नावांचं. फरक एवढाच की आमच्याकडे ती कुठे लिहिलेली नाहीत. ओट्यावरच्या म्हातारीला कुरिअरवाल्याचा परेरा कुठला ते या नावांमुळे कळतं. आमच्या मुलांना ती नावं येत नाहीत. इमारतीत राहायला गेलेल्यांना फ्लॅटचा नंबर पुरतो.

म्हणून सध्या मी एक वही केली आहे. घर, आळी, घराचं बोलण्यातलं नाव, ते का पडलं, आणि कुणी सांगितलं. तुमचं आडनाव असंच समुद्रापलीकडून आलेलं असेल, तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला आधी हे घराचं नाव विचारा. नंतर धर्मग्रामाच्या कार्यालयात परवानगी काढून स्नानसंस्काराच्या नोंदी बघा, आणि बघताना आईबापाच्या नावापाशी थांबू नका. धर्मपिता आणि धर्ममाता कोण, कुठल्या गावचे, तेही उतरवून घ्या. कुठल्या घराचं कुठल्या घराशी येणंजाणं होतं हे तिथेच कळतं. वसईतलं एखादं नाव तुमच्याकडे असेल तर मलाही कळवा, वहीत पानं पुष्कळ शिल्लक आहेत.