बेनेडिक्टला रंगच आला नाही : बायोमॉलिक्युल्सच्या प्रॅक्टिकलचा माझा अनुभव

कार्बोहायड्रेट, प्रोटीन, लिपिड, न्यूक्लिक ॲसिड, चारही मला तोंडपाठ होते, कुठल्या टेस्टला कुठला रंग तेही पाठ, आणि अननोन सॅम्पल ओळखायला बसले तर पहिल्याच ट्यूबला अडकले. बेनेडिक्ट (शुगर ओळखायचं कॉपरचं निळं द्रावण) टाकून उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवलं तरी निळं ते निळंच, स्टार्च ओळखणाऱ्या आयोडीनलाही काही नाही, मग मी लिहून टाकलं की कार्बोहायड्रेट नाही. मॅडमनी वही बघून एवढंच विचारलं, "सगळ्या शुगर सारख्याच असतात का गं?"

ते सुक्रोज होतं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ज्या टोकांनी बेनेडिक्टमधल्या कॉपरला रिड्यूस करतात (म्हणजे इलेक्ट्रॉन देतात), नेमकी तीच टोकं सुक्रोजमध्ये एकमेकांत अडकलेली असतात, मग रंग येणार कुठून! नवीन सॅम्पल घेतलं, डायल्यूट हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून उकळलं, मग बुडबुडे यायचे थांबेपर्यंत खायचा सोडा चिमूट चिमूट टाकला (ही स्टेप अजिबात गाळू नका, बेनेडिक्टला अल्कलाइनच लागतं) आणि परत बेनेडिक्ट. आधी हिरवट, मग पिवळं, नारिंगी, आणि शेवटी तळाला विटकरी गाळ. मी ट्यूब किती वेळ हातात धरून बसले होते काय माहीत.

तिथून मी रंग पाठ करणं सोडलं आणि प्रत्येक टेस्टला विचारायला लागले की ही नक्की पकडते काय. स्टार्चची लांब साखळी स्प्रिंगसारखी वळलेली असते आणि आयोडीन त्या वेटोळ्यात जाऊन बसतं म्हणून काळपट निळा रंग, तीच ट्यूब गरम केली तर रंग उडतो आणि नळाखाली गार केली की परत येतो, हे करून बघाच. प्रोटीनच्या बाय्युरेट टेस्टला नुसतं ग्लायसीन (एक अमिनो ॲसिड) जांभळं होत नाही, अंड्यातला पांढरा भाग मात्र जांभळा होतो, कारण टेस्ट अमिनो ॲसिडची नाहीच, त्यांना जोडणाऱ्या पेप्टाइड बॉंडची आहे.

लिपिडला अल्कोहोल आणि पाण्यात दुधी रंग आला, संपलं. तिथे साखळीच नाही, एका ग्लिसरॉलला तीन फॅटी ॲसिड, म्हणून खरं तर ते पॉलिमर, म्हणजे छोटे तुकडे जोडून झालेली लांब साखळी, नाही.

डीएनए शेवटी होता. डायफिनाइलअमीन घालून गरम केल्यावर डीएनएची ट्यूब निळी झाली, शेजारची आरएनएची नाही. ही टेस्ट पकडते ती आतली शुगर, आणि दोघांच्या शुगरमध्ये फरक फक्त एका ऑक्सिजनचा.