वाऱ्याचा डोळा

आज दुपारी वीज गेली. हॉलची खिडकी सताड उघडली, झुळूक आली आणि अभ्यासाला बसलेल्या लेकीने विचारलं, "बाबा, 'विंडो'मधलं 'विंड' म्हणजे हाच वारा का?"

मला वाटलं, योगायोग असेल. शोधलं तर पोर अगदी बरोबर! व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतला शब्द 'विंदऔगा', म्हणजे वाऱ्याचा डोळा. तेव्हा काचा कुठल्या? भिंतीत नाहीतर छपरात एक भोक, तेवढंच. उजेड आत, धूर बाहेर. नवव्या शतकात ही माणसं इंग्लंडच्या उत्तरेला-पूर्वेला वसली, त्यांचा शब्द तिथे रुजला आणि इंग्रजीचा जुना शब्द मागे पडला. तो होता 'एआगथिर्ल', डोळ्याचं भोक! त्यातलं 'थिर्ल', म्हणजे भोक, आजही 'नॉस्ट्रिल' (नाकपुडी) या शब्दात शिल्लक आहे.

पण खरा काटा आला तो आपल्या 'गवाक्ष'पाशी. गो अधिक अक्ष, बैलाचा डोळा. कुठले नॉर्स, कुठले आपण, आणि खिडकी पाहून दोघांनाही डोळाच आठवावा!

वीज संध्याकाळी आली. खिडकी अजून उघडीच ठेवली आहे.