दिव्याचा खांब कुठे हवा

सरपंचपदावरून उतरून दोन वर्षे झाली, तरी कुठेही गेले की एक प्रश्न येतोच : "ताई, पोलीस काही तुमच्या हाताखाली नव्हते, मग बायकांच्या सुरक्षिततेसाठी तुम्ही नेमके काय केलेत?" तुम्हीही विचारलेत, म्हणून लिहिते.

पोलीस येतात ते घडून गेल्यावर. कुठे काय घडू शकते हे बायकांना आधीच ठाऊक असते, आणि ते कागदावर आणण्याची जागा म्हणजे महिला ग्रामसभा. कायद्याने ती मुख्य ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते. पुष्कळदा मात्र रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात. आमचे गाव बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीचे. दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की निम्म्या बायका गावात नसतात, म्हणून आम्ही ती सभा त्याआधी, जेवणे उरकल्यावर देवळासमोर घेतली. तिथे एकीने सांगितले की, फाट्यापासून वस्तीपर्यंत अंधार असतो, म्हणून तिने लेकीचे कॉलेज सोडवले. वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येणाऱ्या, निधीतले दिवे तोवर चावडीसमोर लागायचे ठरले होते. ते त्या रस्त्याला नेले. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्यामुळे त्या ठरावाला हात वर करणाऱ्या आम्ही पुरेशा होतो.

दारूच्या दुकानाने खरी परीक्षा पाहिली. 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज गेला आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाने त्यांची पडताळणी केली की गुप्त मतदान होते, उभी बाटली की आडवी : उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. मेख अशी की, आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात, आलेल्यांपैकी नव्हे. म्हणजे फडात कोयता चालवणारी बाई न येताच दुकानाच्या बाजूने मोजली जाते. हे मला फार अन्यायाचे वाटते. टोळ्या परतल्यावरच मतदान व्हावे म्हणून आम्ही अर्जामागून अर्ज केले, ते उन्हाळ्यात झाले, आणि बाटली आडवी झाली.

परवान्याचे दुकान गेले, शिवारातली हातभट्टी मात्र राहिली. तिथे पोलीसच लागतात. पंचायतीचा ठराव घेऊन वीस जणी ठाण्यात गेल्या तर तक्रार लिहून घेतली जाते, एकटी गेली तर तिला "उद्या या" म्हणतात. हे दोन्ही मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि म्हणून अजूनही कोणी एकटी निघाली की मी तिच्यासोबत जाते.