घर विकणाऱ्या काकूंनीच कर्ज दिलं: माझा अनुभव

माझं उत्पन्न पगाराचं नाही. काम येईल तसा पैसा येतो, त्यामुळे बँकांनी कर्ज नाकारलं. शहरातला तो दोन खोल्यांचा फ्लॅट मात्र मनात भरला होता. विकणाऱ्या काकू एकट्या राहायच्या. त्यांना एकरकमी पैशापेक्षा दरमहा ठरलेली रक्कम हवी होती. त्याच म्हणाल्या, "चौथा हिस्सा आत्ता दे, बाकीचे हप्त्याने दे. व्याज बँकेइतकंच लावीन."

मी तिथल्या तिथे हो म्हणणार होते, पण वकीलबाईंनी आधी कागद तपासले. फ्लॅटवर काकूंचंच जुनं कर्ज होतं! थोडंच उरलंय, म्हणून त्यांना ते सांगावंसं वाटलं नव्हतं. पण तारण ठेवलेलं घर न विचारता विकलं तर बँक सगळी बाकी एकदम मागू शकते, असं कलम कर्जाच्या करारात बहुतेक वेळा असतं. शिवाय काकूंचे हप्ते थकले असते, तर मी वेळेवर पैसे भरूनही घर गेलं असतं. शेवटी माझ्या पहिल्या रकमेतून ते कर्ज थेट बँकेत फेडलं. बाकी काही नाही असं पत्र आणि मूळ कागद हातात आल्यावरच पुढे सरकलो.

मग प्रश्न आला, घर कुणाच्या नावावर? काही जण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत ते विकणाऱ्याच्याच नावावर ठेवतात. मला ते पटलं नाही. मधल्या काळात विकणाऱ्याने घर गहाण टाकलं किंवा तो वारला, तर घेणाऱ्याने काय करायचं? आम्ही खरेदीखत लगेच केलं आणि घरावर काकूंचा बोजा नोंदवला. त्यामुळे मी पैसे थकवले तर त्यांनाही वसुलीचा हक्क राहिला. दोघींनाही रात्री झोप लागेल असा हाच मार्ग होता.

माझी चूक होता होता राहिली ती आकड्यांत. हप्ता २० वर्षांच्या हिशोबाने, व्याज ९ टक्के, आणि ५ वर्षांनी उरलेलं सगळं एकदम द्यायचं. तोवर पाव कर्ज फिटेल असं मी धरून चालले होते. काकूंनी वहीत दोन रकाने आखले, व्याज आणि मुद्दल. पहिल्याच हप्त्यात दर शंभरातले ८३ व्याजात! ५ वर्षांत कर्जाच्या निम्म्याहून जास्त रक्कम भरून होते, पण मुद्दल फिटतं जेमतेम ११ टक्के. ती वही पाहून मी करारात एक ओळ घालायला लावली: दंड न लावता कधीही जास्तीची रक्कम भरता येईल, आणि ती मुद्दलातूनच वजा होईल. मोठं काम झालं की मी त्यातले पैसे तिकडे वळवायचे.

हप्ता रोख कधीच दिला नाही, नेहमी खात्यातून खात्यात. पाचव्या वर्षी बँकेत गेले तेव्हा हीच ६० महिन्यांची नोंद कामी आली. या वेळी कर्ज मंजूर झालं आणि काकूंची बाकी चुकती केली.

बोजा उतरवायच्या कागदावर सही करायला काकू स्वतः आल्या. वही सोबत आणली होती. शेवटच्या ओळीत मुद्दलाच्या रकान्यात शून्य लिहिलं, खाली सही केली आणि वही माझ्या हातात दिली.